वासराची वाढ आणि गाईचे वेत

गाय आयुष्यात किती वेळा विणार, याचा बराचसा निकाल ती पहिल्यांदा माजावर येण्याआधीच लागलेला असतो. जन्मल्यापासून पहिली दोन वर्षे तिचे वजन कोणत्या गतीने वाढले, मध्ये किती महिने ते थांबले आणि पूर्ण वाढलेल्या वजनाचा किती हिस्सा तिने कोणत्या वयात गाठला, या तीन गोष्टींवर तिचे पहिले वेत, दोन वेतांमधले अंतर आणि आयुष्यभरात मिळणारी वासरे अवलंबून असतात. वाढीचा हा प्रवास मोजक्या आकड्यांत मांडण्याच्या रीतीला वाढीचे प्रारूप म्हणतात. मांसासाठी गाई पाळणाऱ्या देशांत ही रीत विसाव्या शतकात विकसित झाली. गोव्यातल्या साखळी, डिचोली आणि पेडणे परिसरातल्या गावठी गाईच्या प्रश्नाला ती कशी लागू पडते, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

मांसाची गाय आणि गावठी गाय

गोव्यात गोहत्येवर १९७८च्या कायद्याने बंदी आहे आणि मांसासाठी गाई वाढवण्याचा व्यवसाय इथे नाही. तरीही मांसल जातींवर झालेले संशोधन इथल्या गावठी गाईला, दुभत्या संकरित गाईच्या शास्त्रापेक्षा, अधिक जवळचे आहे. याचे कारण दोघींच्या राहणीत सापडते. अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या कुरणातली हिअरफर्ड ही मांसल जातीची गाय आणि साखळीच्या आसपासच्या वाड्यावरची गावठी गाय, दोघीही मुख्यतः चरून पोट भरतात. दोघींचे वासरू आईला पिऊन वाढते. दोघींना खुराक क्वचित मिळतो. दोघींकडून वर्षाकाठी मिळणारे खरे उत्पन्न म्हणजे एक सुदृढ वासरू. गोव्यातल्या गाईकडून त्याशिवाय घरापुरते दूध आणि कुळागराला (बागायतीला) व शेताला लागणारे शेण मिळते, एवढाच फरक.

गोव्याच्या गावठी गाईला आता स्वतःचे नाव आणि ओळख आहे. जुने गोवे येथील एला गावातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेच्या अभ्यासानंतर, कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने 'श्वेता कपिला' ही स्वतंत्र जात म्हणून नोंदली. शेजारच्या कोकणातील 'कोकण कपिला' या जातीची नोंदही थोडी आधी झाली होती. श्वेता कपिला नावाप्रमाणे पांढरी असते. तिची नाकपुडी आणि पापण्यासुद्धा फिकट रंगाच्या असतात. बांधा लहान ते मध्यम, चेहरा सरळ, वशिंड छोटे, शिंगे आखूड. दिवसाला सरासरी २.८ लिटरच्या आसपास आणि वेताला साधारण ५०० लिटर दूध ती देते, पण त्या दुधात स्निग्धांश ५ टक्क्यांहून अधिक असतो. दुधाच्या आकड्यावर तिची जर्सीशी तुलना केली की ती हरते. चाऱ्याच्या आणि वेतांच्या हिशेबात मात्र तिची बाजू भक्कम आहे, आणि तो हिशेब वाढीच्या आलेखातून सुरू होतो.

पैदास न होणाऱ्या गाईचा प्रश्न गोव्यात अधिक जड आहे. मांसल गाई पाळणाऱ्या देशांत हंगामाच्या शेवटी जी गाय गाभण नाही ती कळपातून काढून विकली जाते. त्यामुळे वाढ खुंटलेली जनावरे कळपात साचत नाहीत. इथे तो मार्ग बंद आहे, आणि तो बंद असावा हीच समाजाची इच्छा आहे. मग भाकड राहिलेली गाय गोठ्यात उभी राहते, किंवा दावे सोडून दिल्यावर बाजाराच्या रस्त्यावर बसते. रात्री तिला धडकून माणसेही जखमी होतात. गाय कत्तलीला जाणे अशक्य असावे असे ज्या समाजाला वाटते, त्याने ती भाकड राहू नये याची काळजी आधीच घेतली पाहिजे. ती काळजी वासरापासून सुरू होते.

वाढीचा आलेख

जन्मापासून पूर्ण वाढ होईपर्यंत गाईचे वजन दर महिन्याला कागदावर मांडले, तर एक वळणदार रेषा मिळते. सुरुवातीला ती झपाट्याने चढते, मग चढ कमी होत जातो आणि चार-सहा वर्षांनी ती जवळजवळ आडवी होते. ही रेषा गणिताच्या सूत्रात बसवण्याचे अनेक प्रयत्न झाले. बेंजामिन गोम्पर्ट्झ यांनी १८२५ मध्ये मृत्युदरासाठी मांडलेले सूत्र पुढे वाढीसाठी वापरले गेले. पिएर व्हेरहुल्स्ट यांचे १८३८चे सूत्र लोकसंख्येसाठी होते. लुडविग फॉन बर्टलान्फी यांनी विसाव्या शतकात शरीराची घडण आणि झीज यांच्या वजाबाकीतून सूत्र काढले. १९५९ मध्ये रिचर्ड्स यांनी या साऱ्यांना सामावून घेणारे लवचीक सूत्र दिले. या सूत्रांमधला मुख्य फरक वाढीचा वेग कमी व्हायला कधी लागतो याबाबत आहे. व्हेरहुल्स्टच्या सूत्रात तो पूर्ण वजनाच्या निम्म्यावर, गोम्पर्ट्झच्या सूत्रात सुमारे ३७ टक्क्यांवर आणि बर्टलान्फीच्या सूत्रात सुमारे ३० टक्क्यांवर उतरायला लागतो.

गाईंसाठी सर्वाधिक वापरले गेलेले सूत्र मात्र मिसूरी विद्यापीठाच्या सॅम्युअल ब्रॉडी यांचे आहे. त्यांचा प्राण्यांच्या ऊर्जेवरचा आणि वाढीवरचा मोठा ग्रंथ १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रॉडींची कल्पना सोपी आहे. जनावराची जेवढी वाढ अजून शिल्लक आहे, तिचा एक ठरावीक हिस्सा ते दर महिन्याला पुरा करते. पूर्ण वाढलेल्या वजनाला 'अ' म्हटले, आजच्या वजनाला 'व' म्हटले आणि त्या ठरावीक हिश्श्याला 'क' म्हटले, तर:

महिन्याची वाढ = क × (अ − व)

या सूत्रात गाईचे सारे बालपण दोन आकड्यांत येते. 'अ' सांगतो की गाय शेवटी केवढी होणार. 'क' सांगतो की ती तिथवर किती लवकर पोहोचणार. पहिला आकडा आकाराचा, दुसरा परिपक्वतेच्या गतीचा. एखाद्या कळपातल्या प्रत्येक गाईची नियमित वजने हाती असतील तर संगणकावर प्रत्येकीचा स्वतःचा 'अ' आणि स्वतःचा 'क' काढता येतो, आणि मग त्यांची सांगड तिच्या वेतांच्या नोंदींशी घालता येते. वाढ आणि पैदास यांचा संबंध तपासण्याची ही मुख्य पद्धत आहे.

शंभर ग्रॅमचा हिशेब

समजा, एका लहान बांध्याच्या गावठी गाईचे पूर्ण वजन २४० किलो होणार आहे आणि जन्माचे वजन १५ किलो आहे. म्हणजे जन्माच्या दिवशी २२५ किलो वाढ शिल्लक आहे. कालवड साधारणपणे पूर्ण वजनाच्या ६० टक्क्यांवर, म्हणजे १४४ किलोवर, नियमित माजावर येऊन गाभ धरण्याजोगी होते असे मानू.

तिच्या वाढीची गती दरमहा ४ टक्के असेल तर ती पहिल्या महिन्यात ९ किलो वाढेल, म्हणजे दिवसाला ३०० ग्रॅम. पुढे हा वेग उतरत जाईल आणि १४४ किलोचा टप्पा ती २१व्या महिन्यात गाठेल. गती ३ टक्के असेल तर तोच टप्पा २८व्या महिन्यात येईल. गती २ टक्क्यांवर आली तर ४२ महिने लागतील. गाभाचा काळ साडेनऊ महिन्यांचा धरला, तर पहिले वेत अनुक्रमे सुमारे अडीच, तीन आणि सव्वाचार वर्षांच्या वयात येईल. तिन्ही कालवडी एकाच बांध्याच्या, पूर्ण वाढल्यावर तिन्ही सारख्याच वजनाच्या. फरक फक्त गतीचा.

हा फरक रोजच्या भाषेत आणला तर अधिक स्पष्ट होतो. जन्मापासून १४४ किलोपर्यंतची १२९ किलोंची वाढ २१ महिन्यांत करायची तर दिवसाला सरासरी २०० ग्रॅम वजन वाढावे लागते. तीच वाढ ४२ महिन्यांत होते तेव्हा दिवसाची सरासरी १०० ग्रॅम असते. दिवसाच्या शंभर ग्रॅमसाठी पावणेदोन वर्षे जातात. त्या काळात गोठ्यातले तिचे खाणे, पाणी, राखण सारे चालूच असते, आणि दरवर्षी एक वेत धरले तर जवळजवळ दोन वासरे हातची जातात. ती पुढे कितीही चांगली गाय निघाली तरी ही तूट भरून येत नाही.

वजन आणि माज

कालवडीचा पहिला माज वयापेक्षा वजनावर अधिक अवलंबून असतो, हे मांसल जातींवरील अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसले. यातूनच 'लक्ष्य वजन' ही कल्पना रूढ झाली: कालवड भरवण्याआधी तिने आपल्या जातीच्या पूर्ण वजनाचा ठरावीक हिस्सा गाठलेला असावा. युरोपीय मांसल जातींसाठी हा हिस्सा ५५ ते ६० टक्के सांगितला जातो. पुढे काही कळपांत ५० ते ५५ टक्क्यांवर भरवूनही चांगले निकाल मिळाले. वशिंडाच्या भारतीय जाती मात्र उशिरा वयात येतात आणि त्यांना ६० टक्के किंवा थोडा अधिक हिस्सा लागतो.

शरीर वजन कसे 'मोजते', याचा उलगडा मेंदूत आणि चरबीत होतो. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातून एक संप्रेरक ठेक्याठेक्याने सुटते. त्यामुळे पीयूष ग्रंथी जागी होते, आणि तिच्या इशाऱ्यावर बीजकोशातले बीज पक्व होते. लहान कालवडीत हा ठेका फार मंद असतो. अंगावर चरबीचा पुरेसा साठा तयार झाला की चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचे संप्रेरक रक्तात वाढते आणि मेंदूला खबर मिळते की घरात शिल्लक आहे, आता गाभ सांभाळता येईल. मग ठेका वाढतो आणि माज सुरू होतो. पहिला माज अनेकदा मुका असतो. त्यात बाहेरून लक्षणे दिसत नाहीत आणि गाभ धरण्याची शक्यताही कमी असते. तिसऱ्या माजावर भरवलेली कालवड पहिल्या माजावर भरवलेलीपेक्षा अधिक खात्रीने गाभण राहते. म्हणून लक्ष्य वजन भरवण्याच्या दिवसापेक्षा दीड-दोन महिने आधी गाठलेले बरे.

विण्यानंतर हाच हिशेब पुन्हा मांडावा लागतो. गाईचा गाभाचा काळ सुमारे २८५ दिवसांचा. वर्षाला एक वेत हवे असेल तर विण्यानंतर ८० दिवसांच्या आत ती पुन्हा गाभण राहिली पाहिजे. त्यातले पहिले सुमारे ४० दिवस गर्भाशय पूर्ववत होण्यात जातात. उरलेल्या ४० दिवसांत २१ दिवसांच्या चक्राने माज दोनदाच येतो. या दोन संधी चुकल्या की वेत पुढे जाते.

शॉर्ट आणि ॲडम्स या संशोधकांनी १९८८ मध्ये, गाय मिळालेले अन्न कोणत्या क्रमाने खर्च करते याची उतरंड मांडली. आधी जगणे, मग चालणे-फिरणे, मग स्वतःची वाढ, किमान साठा, पोटातला गर्भ, दूध. आणि माज त्यानंतर. चारा कमी पडला की सगळ्यात आधी माज बंद होतो. पहिलारू गाय सर्वाधिक अडचणीत येते ती यामुळेच. तिची स्वतःची वाढ अजून संपलेली नसते, दूध उतरत असते आणि वासरू सतत लुचत असते. लुचण्यानेही मेंदूतला तो ठेका दाबला जातो. प्रौढ वजनाच्या निम्म्यावरच भरवली गेलेली कालवड पहिल्यांदा कशीबशी विते, मग दीड-दोन वर्षे माजावर येत नाही, आणि मालक म्हणतो की गाय बिघडली. ती बिघडलेली नसते, तिची वाढ अपुरी राहिलेली असते.

मोठी गाय की लहान गाय

वाढीच्या दोन आकड्यांमध्ये एक ओढाताण आहे. अनेक जातींच्या अभ्यासात 'अ' आणि 'क' एकमेकांच्या उलट दिशेने जाताना आढळले. जी गाय शेवटी मोठी होते ती पूर्ण वाढायला वेळही जास्त घेते. एडिंबरा येथील सेंट क्लेअर टेलर यांनी निरनिराळ्या प्राण्यांची तुलना करून नियम मांडला की परिपक्व व्हायला लागणारा काळ पूर्ण वजनाच्या ०.२७व्या घाताप्रमाणे वाढतो. वजन दुप्पट असेल तर काळ सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. म्हणून केवळ वजनदार वासरे निवडत गेलेल्या कळपांत मोठ्या, उशिरा वयात येणाऱ्या गाई जमतात. एच. ए. फिट्झह्यू यांनी १९७६ मध्ये याच प्रश्नावर लिहिताना, आलेख हवा तसा वाकवता येईल का, म्हणजे सुरुवातीची वाढ जलद करून शेवटचा आकार आटोक्यात ठेवता येईल का, याची चर्चा केली. पैदासकारांपुढे तो प्रश्न आजही आहे.

दुसरी बाजू चाऱ्याची. नुसते जगायला लागणारी ऊर्जा वजनाच्या ०.७५व्या घाताप्रमाणे वाढते. २५० किलोच्या गाईला लागते त्याच्या सुमारे १.७ पट ५०० किलोच्या गाईला लागते. दर किलोमागे मोठी गाय थोडी काटकसरी ठरते. पण सड्यावर जेवढे गवत आहे तेवढेच आहे. लहान गाईची गरज त्यात भागते, मोठीची भागत नाही, आणि गरज न भागलेल्या गाईचा माज बंद होतो.

नेब्रास्कातील क्ले सेंटर येथे जेन्किन्स आणि फेरेल यांनी नऊ जातींच्या गाईंना कमी-जास्त चाऱ्यावर ठेवून काही वर्षे पाहिले आणि १९९४ मध्ये निष्कर्ष मांडला. चारा मुबलक असताना मोठ्या आणि अधिक दुधाच्या जाती पुढे होत्या. चारा कमी असताना रेड पोलसारख्या मध्यम बांध्याच्या जाती पुढे गेल्या, कारण त्या टंचाईतही गाभण राहत होत्या. कोणती गाय चांगली, याचे उत्तर जमिनीकडे पाहिल्याशिवाय देता येत नाही, हे या प्रयोगाने दाखवले.

पावसाळ्याचा जिना

ब्रॉडींच्या सूत्रात ऋतू नाहीत. गोव्यात ऋतूच वाढ ठरवतात. वर्षाकाठी सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आषाढ-श्रावणात जांभ्या दगडाच्या सड्यांवर कोवळे गवत माजते. मार्गशीर्षापर्यंत ते फुलून वाळते, त्यातली प्रथिने उतरतात आणि काडी उरते. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत गुरे भाताच्या तणावर, म्हणजे पेंढ्यावर, राहतात, आणि त्यात प्रथिने जेमतेम ३-४ टक्के असतात. त्यामुळे इथल्या कालवडीचा आलेख सरळ चढत नाही. तो जिन्यासारखा असतो: पावसाळ्यात एक पायरी वर, उन्हाळ्यात सपाट, कधी थोडी खाली. पाऊस आल्यावर थांबलेली वाढ काही प्रमाणात भरून निघते. मात्र उपासमार पहिल्या सहा-आठ महिन्यांत झाली असेल तर ती पूर्ण भरून येत नाही.

चराऊ जमिनीही आक्रसल्या आहेत. डिचोली तालुक्यात खाणींनी आणि खाणमातीच्या ढिगांनी मोठा भूभाग व्यापला. पेडण्यात मोपाच्या ज्या पठारावर गुरे चरत, तिथे जानेवारी २०२३पासून विमाने उतरतात. पावसाळी सरद शेतीत नांगराची जागा यंत्राने घेतली आणि बैलांसाठी राखलेला चारा-पाण्याचा बंदोबस्तही त्यासोबत सैल झाला. अशा वेळी लहान बांधा ही गावठी गाईची उणीव मानणे चूक आहे. तो या जमिनीशी आणि या ऋतूंशी पिढ्यान्‌पिढ्या जमवून घेतलेला आकार आहे.

फितीचे माप

वाढ सुधारायची तर आधी मोजावी लागते. गावात गुरांचा वजनकाटा नसतो, पण शिंप्याची मापपट्टी असते. ती पुढच्या पायांच्या लगेच मागून, वशिंडाच्या मागच्या बाजूने छातीभोवती फिरवून घेर घ्यायचा. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी घ्यायची. जनावर सपाट जागी, चारही पायांवर सरळ उभे असावे. सकाळी चारा-पाणी देण्याआधीची वेळ उत्तम. दोन्ही मापे सेंटिमीटरमध्ये घेऊन घेराचा वर्ग करायचा, त्याला लांबीने गुणायचे आणि १०८४०ने भागायचे. शेफरच्या सूत्राचे हे मेट्रिक रूप आहे आणि उत्तर किलोत मिळते.

एका गोठ्यातली मायलेकींची जोडी उदाहरणादाखल घेऊ. आईच्या छातीचा घेर १४५ सेंटिमीटर, लांबी १२० सेंटिमीटर. १४५चा वर्ग २१०२५. १२०ने गुणून १०८४०ने भागले की वजन सुमारे २३३ किलो. दोन वर्षांच्या पाडीचा घेर ११८ सेंटिमीटर, लांबी १०२ सेंटिमीटर, वजन १३१ किलो. म्हणजे लेक आईच्या ५६ टक्क्यांवर आली आहे. ६० टक्क्यांना, म्हणजे १४० किलोला, ९ किलो कमी आहेत. दिवसाला २०० ग्रॅम वाढ मिळाली तर दीड महिना, ३०० ग्रॅम मिळाली तर एक महिना. एवढे दिवस थांबून मग तिला भरवावे.

फितीच्या मापात चूक राहतेच. पण आई आणि लेक एकाच घडणीच्या, फीत तीच आणि मोजणारा हातही तोच असेल, तर दोघींच्या वजनांत चूक साधारण एकाच दिशेने होते आणि टक्केवारीत ती बरीचशी कटून जाते. आईचे माप घेताना ती गाभाच्या शेवटच्या महिन्यांत नसावी, नाहीतर वासराचे आणि पाण्याचे वजन त्यात येते. याच मापाने आणखी एक गैरसमज दूर होतो. संकरित जर्सी कालवड २०० किलोची दिसली की ती तयार वाटते आणि १४५ किलोची गावठी पाडी लहान वाटते. संकरित गाईचे पूर्ण वजन ४०० किलो धरले, तर पहिली निम्म्यावरच आहे आणि दुसरी तयार आहे.

गोठ्यातले उपाय

वाढीची गती ज्या काळात सहज वाढवता येते तो काळ जन्मानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांचा आहे. जन्मल्यावर पहिल्या एक-दोन तासांत वासराला चीक मिळाला पाहिजे. पहिल्या दिवशी मिळून त्याच्या वजनाच्या दशांशाइतका चीक पोटात जावा. १५ किलोच्या वासराला दीड लिटर. चौथा सड वासरासाठी ठेवण्याची जुनी रीत होती. आईचे दूध कमी असेल तेव्हा पहिले तीन महिने तरी ती मोडू नये. तीन महिन्यांत वासराची कोठी तयार होते आणि ते चाऱ्यावर जगू शकते. त्याआधी नुसत्या तणावर ठेवलेल्या वासराचे पोट सुटते आणि पाठ वर येते. जंतांचे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून द्यावे. पावसाळ्यात गोचिडांवर लक्ष ठेवावे.

उन्हाळ्यातली सपाट पायरी थोडी तरी चढती करणे हे दुसरे काम. १०० किलो तणावर ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडावा, ढीग घट्ट दाबून प्लास्टिकने झाकावा आणि २१ दिवसांनी उघडून, हवा देऊन, थोडे थोडे खाऊ घालावे. प्रमाण चुकवू नये, सहा महिन्यांखालच्या वासरांना हे तण देऊ नये आणि युरियाचे पाणी गुरांच्या तोंडी लागू देऊ नये, कारण तो विषासारखा काम करतो. कुळागराच्या पाटाकडेला हत्ती गवताची ठोंबे लावली तर कालवडीच्या हिरव्या चाऱ्याला हातभार लागतो. सत्तरी-डिचोलीत काजूच्या हंगामात रस काढून उरलेला बोंडूंचा चोथा नेमका चाराटंचाईच्या दिवसांत मिळतो. तो ताजा आंबवण्यापेक्षा वाळवून, खुराकात थोड्या प्रमाणात मिसळता येतो. रोज मूठभर पेंड आणि थोडे खनिज मिश्रण यांतून शंभर ग्रॅमची ती वाढ बहुतेक वेळा निघते.

गाय विण्याच्या वेळी कशी आहे हे हाताने पाहता येते. फासळ्यांवर हात फिरवल्यावर हाडे जाणवावीत पण दुरून मोजता येऊ नयेत, कंबरेच्या हाडावर थोडे मांस असावे. विण्याआधीचे दोन-तीन महिने या कामाचे आहेत. विण्यानंतर दूध उतरत असताना अंग भरून काढणे कठीण जाते. वासराला सतत लुचू देण्यापेक्षा, त्याचे पोट भरेल असे पाहून, पहिल्या महिन्यानंतर सकाळ-संध्याकाळ दोन वेळा पाजले तर गाय लवकर माजावर येते. वशिंडाच्या गाईंचा माज थोड्या तासांचा आणि बऱ्याचदा रात्रीचा असतो. संध्याकाळी आणि पहाटे गोठ्यात फेरी मारणाऱ्याला तो सापडतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर सकाळी रेतन करावे.

वळू आणि निवड

पैदास क्षमतेची आनुवंशिकता कमी, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असते. गाय लवकर गाभ धरते की नाही हे मुख्यतः खाणे, हवामान आणि देखभाल ठरवतात, म्हणून थेट त्या गुणावर निवड करून प्रगती फार संथ होते. वाढीचे आकडे, पहिल्या माजाचे वय आणि वळूच्या वृषणाचा घेर यांची आनुवंशिकता मात्र बरीच जास्त असते. अमेरिकेत १९७०च्या दशकात ब्रिंक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ज्या तरुण वळूंच्या वृषणाचा घेर मोठा, त्यांच्या सावत्र बहिणी लवकर वयात येतात. वाढीचा आलेख आणि हे एक माप यांवर वळू निवडला, तर पुढच्या पिढीतल्या कालवडींच्या वेताची निवड आपोआप होते.

श्वेता कपिलेच्या बाबतीत हे काम आजच करणे शक्य आहे. जातीची नोंद झाली, पण नोंदीने गाय टिकत नाही. रस्त्यावर मोकळा फिरणारा कोणताही खोंड पाडीला लागला, की जातीचा बांधाही बिघडतो आणि पाडीचे वयही पाहिले जात नाही. गावागावांतल्या चांगल्या गावठी गाईंची मापे, विण्याच्या तारखा आणि वासरांच्या नोंदी एका वहीत राहिल्या, तर त्यांतूनच उत्तम आईचा वळू निवडता येईल आणि कृत्रिम रेतनासाठी त्याचे बीज वापरता येईल. प्रत्येक गोठ्यात महिन्यातून एकदा, अमावास्येला म्हणा वा पगाराच्या दिवशी, फीत घेऊन घेर आणि लांबी लिहिली, तर दोन वर्षांत त्या वहीत वाढीचा आलेख तयार होतो. त्यासाठी दहा रुपयांची वही, एक फीत आणि पाच मिनिटे लागतात.

दिवाळीच्या पाडव्याला गोव्यात गुरांना न्हाऊ घालतात, माळा घालतात, ओवाळतात. त्याच दिवशी गोठ्यातल्या प्रत्येक पाडीच्या छातीभोवती फीत धरावी आणि आकडा लिहून ठेवावा. पावसाळा नुकताच संपलेला असतो, अंगावर वर्षातली सगळ्यात जास्त वाढ असते आणि पुढचा टंचाईचा काळ कसा काढायचा हे ठरवायला अजून वेळ असतो. गाय लहान असणे हा दोष नाही. तिची वाढ अर्धी सोडणे हा पाळणाऱ्याचा दोष आहे. ज्या घरात पाडीची वाढ मोजली जाईल, त्या घरची गाय रस्त्यावर जाण्याची पाळी सहसा येणार नाही.